चित्रगुप्ताची केबल

मास्तरीणबाई म्हटलं की नवखा माणूस शाळा कुठे आहे ते विचारतो. बाईंचा शाळेशी संबंध एवढाच, की त्यांची धाकटी जाऊ शाळेत कॉम्प्युटर शिकवते. बाई स्वतः कटिंग मास्तर. कपडे शिवणारे शिंपी वेगळे. पण मुंढा, म्हणजे बाही जोडायचं वळण, किती खोल घ्यायचा, बाही कुठे फुगवायची, पाठ कुठे निमुळती करायची, हे तपकिरी कागदावर आखून देणारं माणूस वेगळं. आसपासच्या गल्ल्यांतले शिंपी बाईंचा कागद कापडावर ठेवतात आणि मगच कात्री उचलतात. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि समोरच्याच्या खांद्यांवर नजर, अशा त्या रस्त्यातून निघाल्या की ओळखीची माणसं आपोआप ताठ चालायला लागतात.

ही विद्या त्यांना माहेरची नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरताना सासऱ्यांनी त्यांना पाहिलं. ना पट्टी ना खूण, सुनेच्या कात्रीखालून कागद दोरीसारखा सरळ सुटत होता. "कोणी शिकवलं?" असं सासऱ्यांनी विचारलं. "कोणी नाही मामंजी. वाकडं दिसलं की मला बरं वाटत नाही," सून म्हणाली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिच्या हातात खडू दिला. "मग स्वयंपाक कोण करणार?" असं सासूबाईंनी विचारताच म्हातारा म्हणाला, "तू इतकी वर्षं करतेच आहेस की." सासूबाईंचा त्यानंतरचा सगळा राग नवऱ्यावर निघाला, सुनेवर कधीच नाही. असं भाग्य फार सुनांना लाभत नाही.

सासऱ्यांची शिकवण मात्र मऊ नव्हती. एकदा एक कोट पाठीत ओढत होता. सुनेने बाही उसवली, कॉलर उसवली, बगलेची शिवणही उसवली आणि सगळं एकदम नीट बसवून कोट झक्क करून दाखवला. म्हातारा खूश होईल असं तिला वाटलं. तो म्हणाला, "छान. आता पुन्हा तसाच बिघडव."

"का पण?"

"दोष कशात होता, सांग बघू."

सांगता येईना. मग तिला कोट खरोखर पुन्हा बिघडवावा लागला, आणि एकेक शिवण उसवून, अंगावर चढवून, पुन्हा शिवून, दोष शोधावा लागला. रडू आलं, पण सापडला. एका वेळी एकच शिवण, हे तेव्हापासून तिच्या रक्तात भिनलं.

सासरे गेले, त्यांची खोली बाईंकडे आली. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, घरी असला की त्याचं प्रत्येक बाबतीतलं मत ठरलेलं, "तू म्हणशील तसं." पुढे बाईंचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना, लांब रेघ ओढताना कळ मस्तकात जायची. तेव्हा एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्यांनी एक यंत्र उचलून आणलं. आडवं, लांबलचक, पोटात कागदाची गुंडाळी आणि हातात पेन. कॉम्प्युटरवर आखलेलं ते कागदावर काढून द्यायचं. पेन डावीकडे-उजवीकडे पळायचं, कागद मागेपुढे सरकायचा, आणि मान वर न करता तासन् तास लिहिणं चालू. बाईंनी त्याचं नाव ठेवलं चित्रगुप्त. खांदा दुखायचा राहिला, बाईंची चित्रगुप्ताशी गट्टी जमली, आणि कित्येक वर्षं दोघांनी मिळून गावाला कपडे बेतून दिले.

मग एका सकाळी बाईंचा कॉम्प्युटर सुरू होताना घरघरला आणि कायमचा गप्प झाला. दुरुस्तीवाल्याने दुसरा एक वापरलेला आणून दिला. त्यावर नवं विंडोज होतं, चेहरामोहरा छान होता, पण बाईंचा आखणीचा जुना प्रोग्राम त्यावर बसेना. तो विकणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेलेली; दाद मागायची कोणाकडे? शिवाय चित्रगुप्ताची जुनी, रुंद तोंडाची केबल लावायला नव्या कॉम्प्युटरला जागाच नव्हती. दुरुस्तीवाल्याने मधे लावायचा एक ठोकळा दिला, सोबत एक बारीक, नवीकोरी केबल दिली, आणि जुनीकडे बघून म्हणाला, "ही जाडजूड कशाला ठेवताय? आता लागायची नाही." तरी काही चालेना. शेवटी त्याने चित्रगुप्ताच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बाई, याचं वय झालं. भंगारात द्या."

बाईंना ते फार लागलं. आपल्या खांद्याकडे बघूनही कोणी असंच म्हणेल की काय, असं त्यांच्या मनात आलं.

काम थांबलं आणि खोलीत डबे यायला लागले. त्याचं असं, की शेजारचं रंगाचं दुकान बाईंच्या दिराचं. दुकान चांगलं चालायचं आणि माल ठेवायला जागा पुरायची नाही. दीर वाईट माणूस नव्हे. त्याचा शर्ट कायम कुठल्या तरी रंगाने माखलेला असायचा आणि मन मात्र बरंच स्वच्छ होतं. पण रिकामी खोली बघून कोणालाही मोह होतो. आधी एक डबा दाराशी आला, "उद्या उचलतो वहिनी." मग त्याला सोबत म्हणून दुसरा आला. मग डबे उंबरठा ओलांडून आत आले आणि कटिंगच्या टेबलाखाली बसले. भटाला दिली ओसरी, तशातली गत.

एके दिवशी दीर धातूची टेप घेऊन आला आणि भिंत मोजायला लागला. बाईंच्या खोलीत दुसऱ्या कोणी माप घ्यायचं म्हणजे कहरच.

"भाऊजी, काय मोजताय?"

तो ओशाळला, पण बोलला. "फळ्या बसवायचं मनात होतं. यंत्र बंद आहे, काम बंद आहे. खोली नुसती पडून राहते वहिनी."

"हॉस्पिटलच्या डगल्यांचं मोठं काम येतंय. लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्या मापांचे कागद शिंप्यांना शनिवारी संध्याकाळी हवेत."

"हाताने काढणार? त्या खांद्याने?"

एखादं माप हाताने निघालं असतं. सगळी मापं काढायची तर खांद्याने जीव घेतला असता. काम हातचं गेलं तर शिंपी दुसरा मास्तर शोधणार, आणि मग ही खोली कशासाठी अडवायची? हे दोघांनाही कळत होतं.

दीर म्हणाला, "असं करू. शनिवारपर्यंत यंत्र चाललं, तर मी पुन्हा या खोलीचं नाव काढणार नाही. नाही चाललं, तर रविवारी माझे डबे आत."

"डबे आतच आहेत भाऊजी. पण कबूल."

हे सगळं पलीकडे नवऱ्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून धाकटी जाऊ ऐकत होती. जावा-जावांचं सूत जमत नाही असं जगात म्हणतात. इथे धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिचा पहिला ब्लाउज बाईंनी बेतला होता, आणि ज्या बाईने तुम्हाला नीट बसणारा ब्लाउज दिला तिच्याशी वैर धरता येत नाही. शुक्रवारी दुपारी शाळा सुटताच धाकटी सरळ बाईंच्या खोलीत आली आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"ताई, यात लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालतं. आमच्या शाळेतले सगळे जुने कॉम्प्युटर यावरच चालतात."

"तुझा नवरा काय म्हणेल?"

"त्याला डबे ठेवायला माळा आहे. साफ करायचा कंटाळा, म्हणून तुमच्या खोलीवर डोळा."

"बरं. पण विंडोज पुसून टाकायचं? जे आहे तेही घालवून बसू."

"नाही हो. याच्यावरून नुसतं चालू करून बघायचं. नाही पटलं, तर पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. कॉम्प्युटर जसाच्या तसा."

"म्हणजे कच्चा धावदोरा," बाई म्हणाल्या. "अंगावर घालून बघायचं, नाही बसलं तर दोरा ओढून काढायचा. कापडाला धक्का नाही." एवढं कळल्यावर त्यांची भीती निम्मी उतरली.

पहिल्यांदा कॉम्प्युटर पेन ड्राइव्हकडे ढुंकूनही न बघता नेहमीच्या विंडोजमध्येच शिरला. धाकटीने तो पुन्हा सुरू करून, सुरुवातीलाच एक बटण दाबून, आधी कुठे बघायचं ते त्याला सांगितलं. मग नवा पडदा आला. वायफाय नव्हतं. आवाज नव्हता. "आवाज राहू दे," बाई म्हणाल्या, "चित्रगुप्ताला कुठे गाणं म्हणायचंय." वायफायसाठी धाकटीने आपला मोबाइलच वायरने जोडला आणि त्यातलं इंटरनेट वापरून आखणीचा एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. तो उघडल्यावर बाईंची चिडचिड सुरू झाली. रेघेचं बटण भलतीकडे, वळणाचं तिसरीकडेच. परक्या स्वयंपाकघरात मीठ शोधावं तसं चाललं होतं. पण मुंढ्याचं वळण ओढून बघितलं तर ते जुन्यापेक्षा गोल आलं. बाईंनी नाक मुरडायचं अर्ध्यात सोडलं.

मग चित्रगुप्ताला ठोकळा लावला, बारीक केबल लावली, आणि धाकटीने एक चौकोन पाठवला. पडद्यावर इंग्रजी ओळ उमटली.

"काय म्हणतोय?"

"परमिशन डिनाइड. तुम्हाला परवानगी नाही म्हणतोय."

बाई ताडकन उठल्या. "माझी खोली, माझं यंत्र, आणि मलाच परवानगी नाही? हा काय सासरचा आहे का?"

धाकटीला हसू आवरेना. "सासरचाच समजा. तुम्ही घरातल्या आहात हे त्याला एकदा सांगावं लागतं. विंडोजवर नुसतंच 'काहीतरी बिघडलं' असं यायचं ना? हा निदान कशासाठी अडला ते सांगतो." तिने काळ्या खिडकीत एका ओळीचा हुकूम टाईप केला, चौकोन पुन्हा पाठवला, आणि इतके दिवस मेल्यासारखा पडलेला चित्रगुप्त खाडकन जागा झाला. पेन खाली आलं, चार रेघा ओढल्या, वर गेलं.

कागदावर फक्त एक चौकोन होता. पण त्या चौकोनासाठी बाईंनी धाकटीला मिठी मारली.

आनंद फार टिकला नाही. डगल्याची पाठ पाठवली, तर अर्ध्यावर येऊन पेन उधळलं. गळ्याच्या जागी एक तिरकी रेघ सणसणत कागदाबाहेर निघाली, मुंढ्याच्या जागी गिचमिड झाली, आणि शेवटी लाल दिवा लागला. पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. धाकटी हट्टाला पेटली. तिने वेग बदलला, कॉम्प्युटरचं भोक बदललं, प्रोग्राममधल्या खुणा काढल्या-घातल्या, सगळं एका दमात. आता साधा चौकोनही येईना.

"हात बाजूला घे," बाई म्हणाल्या. आवाज सासऱ्यांचा होता. "मघाशी चौकोन येत होता, तसं सगळं परत कर."

"अहो पण—"

"आधी परत कर. मग एका वेळी एकच शिवण उसवायची."

धाकटीने निमूटपणे सगळं जागेवर आणलं. चौकोन आला. मग दोघी एकेक गोष्ट बदलत गेल्या, मधेच पट्टा, खिसे, कॉलर, बाही असे बाकीचे तुकडेही पाठवून बघत. वेग कमी केला, पाठ पाठवली, उधळली. वेग परत. भोक बदललं, उधळली. भोक परत. संध्याकाळपर्यंत कागदाची भेंडोळी जमली आणि दोष काही हाती लागला नाही. दिवेलागणीला धाकटी घरी जायला निघाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "ताई, माझ्यामुळे तुमचा एक दिवस गेला," ती म्हणाली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण दार लावताना त्यांना स्वतःलाही भडभडून आलं. डगल्यांसाठी नव्हे. याच टेबलाशी उभं राहून त्या सगळं शिकल्या होत्या, आणि रविवारनंतर त्यांना इथे उभं राहायला जागा नसणार होती.

शनिवारी सकाळी बाईंनी ते वाया गेलेले कागद फेकायला घेतले आणि फेकता फेकता थांबल्या. शिंप्याच्या घरात बिघडलेला नगसुद्धा आधी बघायचा असतो. त्यांनी सगळे कागद टेबलावर पसरले. कमरेचा पट्टा लांबच्या लांब, तरी धडधाकट आला होता. खिसे आले होते. कॉलर एवढीशी, पण ती अर्ध्यात उधळलेली. पाठ उधळलेली, तीही मुंढ्यापासून. बाही मुळात आलेलीच नाही. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा बोट फिरवत सगळं बघितलं. धाकटी आली तेव्हा त्या दारातच होत्या.

"हा लांबीला भीत नाही गं. वळणाला भितो."

"म्हणजे?"

"सरळ रेघ शिंप्याला सांगायची तर दोन टोकं सांगितली की झालं. वळण सांगायचं तर ठिपक्या-ठिपक्याने सांगावं लागतं. इथून एवढं, मग एवढं, मग एवढं. मी भराभर सांगत सुटले तर शिंपी काय करेल?"

"पहिली काही मापं लक्षात ठेवेल," धाकटी सावकाश म्हणाली, "आणि पुढची विसरेल." मग तिचे डोळे मोठे झाले. "ताई! याची स्मरणशक्ती छोटी आहे. भरली की याने 'थांब' म्हणायचं असतं आणि कॉम्प्युटरने थांबायचं असतं. तशी सोय असते, आणि ती चालू आहे, मी कालच बघितली."

"हा थांब म्हणतोय, पण तुझ्या कॉम्प्युटरला ऐकू जात नाहीये."

धाकटीने बारीक केबल उपटली, टोकावरचं टोपण नखाने उचकटलं आणि आत बघितलं. रुंद तोंडात जागा भरपूर, पण तारा मोजक्याच जोडलेल्या. "ही बघा लबाडी! जायची तार आहे, यायची तार आहे. थांब म्हणायची तारच नाही. काल मी सगळं तपासलं, आणि हेच तेवढं राहिलं. ताई, जुनी केबल कुठे आहे?"

बाईंचा चेहरा कोरा झाला. "जाडी होती. राखाडी."

"हो, पण कुठे आहे?"

चिंध्यांचं पोतं पालथं झालं. बटणांचे डबे, अस्तराची गाठोडी, मशीनचा खण, सगळं उपसलं. बाई कधी काही फेकत नसत. बोटभर फीतसुद्धा त्यांच्याकडे कुठेतरी कामाला लागलेली असायची. मग केबल गेली कुठे? एवढ्यात हातात धातूची टेप घेऊन दीर दारात उभा राहिला. शनिवार होता, त्याचं बरोबर होतं.

"काय शोधताय दोघी?"

"जुनी केबल," धाकटी म्हणाली. "जाड, राखाडी, लांब."

दीर क्षणभर बायकोकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली. "ती? ती तर मीच बांधून दिली होती वहिनींना."

सगळ्यांनी वर बघितलं. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोन खिळ्यांना ताणून बांधलेली एक राखाडी दोरी होती, आणि तिच्यावर चिमट्यांनी बाईंचे जुने कागद वाळत घातल्यासारखे टांगलेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. "कसली मजबूत दोरी आहे, असं म्हणाला होतात," दीर म्हणाला. "चिमटे घसरत नाहीत म्हणून खूश होतात."

बाईंनी कपाळावर हात मारला. "भाऊजी, काढा ती खाली."

"मी?"

"माझा हात वर जात नाही. खिळे तुमचे, गाठ तुमची."

खोलीत शिडी नव्हती. पण डबे होते. दिराने आपलेच दोन डबे एकावर एक रचले, त्यांवर चढला, आणि ज्या खोलीसाठी आला होता तिच्या छताखाली हात उंचावून स्वतःच मारलेली गाठ सोडायला लागला. धाकटी खालून डबे धरून उभी होती आणि हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. बाईंनी कागद एकेक करून झेलले आणि उरलेल्या डब्यांवर नीट पसरले. इतक्या दिवसांत त्या डब्यांचा तो पहिला उपयोग.

जाड केबल ठोकळ्याला बसली. धाकटीने पाठ पाठवली. पेन उतरलं, खांद्याची रेघ ओढली, मुंढ्याच्या वळणाशी आलं आणि थबकलं. दम खाल्ल्यासारखं एक क्षण थांबून पेन पुढे गेलं, वळण घेतलं, पुन्हा थबकलं, पुन्हा गेलं. गळा आला. दुसरा मुंढा आला. खालची घेराची रेघ टोकापासून टोकापर्यंत आली, आणि चित्रगुप्ताने पेन उचलून बाजूला ठेवलं.

"चाललं!" ओरडला तो दीर. आपण हरलो हे त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं. यंत्र चाललं याचाच त्याला आनंद झाला होता. सांगितलं ना, माणूस वाईट नव्हे.

"थांबा भाऊजी," बाई म्हणाल्या आणि गळ्यातली टेप काढली.

त्यांनी पाठीची लांबी मोजली. मग रुंदी मोजली. मग ओठ आवळून चौकोन काढून मोजला. "लहान आहे," त्या म्हणाल्या. "सगळीकडून सारखंच लहान. या कागदावर डगला शिवला तर कोणाचीच बटणं लागायची नाहीत."

"अहो ताई, एवढंसं तर आहे!" धाकटी कळवळून म्हणाली.

"एवढंसंच तर आमचं काम आहे."

दीर दाराकडे वळता वळता थांबला. पैज आपण जिंकली असं म्हणायची त्याची ती वेळ होती, पण तोसुद्धा आता कॉम्प्युटरमध्ये डोकावत होता. बाईंनी पडद्यावरची पाठ उघडली. तिथे माप बरोबर होतं. म्हणजे आखणी चोख, केबल चोख. पाठवतानाच कुठेतरी आटत होतं. बाईंनी पाठवायची खिडकी उघडायला लावली आणि तिथल्या एकेका ओळीवर बोट ठेवून धाकटीकडून अर्थ विचारला. एका ओळीशी धाकटी अडखळली. "पानात बसवा," ती म्हणाली. "कागदाच्या कडेबाहेर जाऊ नये म्हणून तो थोडं लहान करतो."

"कोणी सांगितलं त्याला? काढ ती खूण. कपडा अंगात बसवायचा असतो, पानात नाही."

खूण काढली, पाठ पुन्हा पाठवली, आणि बाईंनी टेप लावली. एक टोक अंगठ्याखाली, दुसरं रेघेवर. काही न बोलता त्यांनी टेप दिराच्या हातात दिली. "तुम्ही मोजा. माझ्यावर विश्वास नको."

त्याने मोजलं. वाकून पुन्हा मोजलं. "तंतोतंत," तो म्हणाला, आणि आता कुठे त्याला सगळं समजलं. त्याने आपली धातूची टेप हळूच खिशात घातली.

दुपारभर चित्रगुप्त लिहीत राहिला. लहान डगला, त्याहून मोठा, त्याहून मोठा. बाई गुंडाळ्या करून दोऱ्याने बांधत होत्या, खांद्याला काडीचाही त्रास नव्हता, आणि त्या चक्क गुणगुणत होत्या. धाकटीने तेवढ्यात एक गोष्ट कबूल केली. "ताई, खरं सांगते. दोष केबलचा होता. हा आखणीचा प्रोग्राम विंडोजवरही मिळतो. ही केबल लावली तर तिथेही चालेल बहुतेक. लिनक्स घ्याच असं मी म्हणणार नाही. तुम्ही ठरवा."

बाई कागद गुंडाळता गुंडाळता थांबल्या. त्यांना घाई आवडत नसे. "वायफायचं काय?"

"एक छोटं खोचायचं यंत्र मिळतं, ते लावू. आवाजाचं बघावं लागेल."

"बघू सावकाश. एका वेळी एक." बाईंनी पडद्याकडे बघितलं. "कालपासून यानं मला दहा वेळा अडवलं असेल. पण अडवलं तेव्हा कुठली शिवण ते सांगितलं, आणि उसवूही दिलं. जुना प्रोग्राम म्हणजे आतून बंद केलेलं अस्तर. ज्याने शिवलं तो गेला की संपलं. मला हेच हवं. पक्की शिलाई घाल."

"आणि विंडोज?"

"ते कापून टाकू नकोस. आत दुमडून ठेव, माया म्हणून. कधी सैल करायची वेळ आली तर असू दे."

धाकटीने मान डोलावली. दोन्ही ठेवता येत होतं, जागाही भरपूर होती. शिवणीतली माया हा शब्द मात्र तिने लगेच उचलला. सोमवारी वर्गात सांगायला चांगला होता.

संध्याकाळी शिंपी आले, गुंडाळ्या काखेत मारून गेले. दीर डबे उचलायला आला. आता माळा साफ करणं आलं, म्हणून चेहरा लांब झालेला. पहिल्या डब्याचं झाकण सैल होतं आणि त्याच्या शर्टाच्या पोटावर हिरवा पट्टा उमटला.

"ठेवा तो डबा खाली," बाई म्हणाल्या.

"उचलतोय ना वहिनी. शब्द म्हणजे शब्द."

"ठेवा आधी. हॉस्पिटलचं झालं, आता चित्रगुप्ताकडे एक काम माझ्या मनाचं." त्यांनी गळ्यातली टेप झटकन ओढली. "किती वर्षं बघते, चांगल्या शर्टांची माती करताय. दुकानात घालायला एक डगला बेतून देते. मोठे खिसे, मागे बांधायला बंद. भाऊजी, हात वर करा."

आणि खोली घ्यायला आलेला दीर, खोलीच्या मधोमध, दोन्ही हात वर करून ताठ उभा राहिला. बाईंनी छातीभोवती टेप फिरवली, आकडा सांगितला, आणि धाकटीने तो चित्रगुप्ताकडे पाठवला.